गोकर्णाची वेल: बी रुजवण्यापासून निळ्या चहापर्यंत

गोकर्णाचं फूल हातात घेऊन नीट पाहा. ते उलटं असतं. वाटाणा, पावटा, घेवडा ही सगळी याच कुळातली मंडळी. त्यांच्या फुलात मोठी पाकळी वर पताकेसारखी उभी असते आणि तिच्या पायाशी दोन पाकळ्या जुळून झालेली छोटी होडी असते. गोकर्णात सगळं उलटं झालेलं दिसतं. मोठी पाकळी खाली पसरते, चार-पाच सेंटिमीटर लांब, गर्द निळी, मध्ये पांढरट-पिवळा पट्टा, आणि होडी वरच्या अंगाला दडून बसते. भुंगा त्या पाकळीवर उतरून आत शिरला की पराग त्याच्या पोटाऐवजी पाठीला लागतात. खाली लोंबणाऱ्या या पाकळीचा आकार गाईच्या कानासारखा, म्हणून नाव गोकर्ण.

निळ्या चहाचे फोटो पाहून हल्ली अनेकांना ही वेल लावावीशी वाटते. लावा, जरूर लावा. नवख्या माणसाला इतक्या लवकर फुलं देणाऱ्या वेली थोड्याच आहेत. पण वेलीबरोबर औषधी गुणांचे मोठमोठे दावेही घरात येतात आणि त्यांत फूल, पान, मूळ, बी असा भेद कुणी करत नाही. गोकर्णात हा भेद फार महत्त्वाचा आहे. फूल पेल्यात चालतं. मूळ आणि बी घरच्या प्रयोगासाठी नाहीत. हा लेख मी याच क्रमाने लिहिला आहे: आधी ओळख, मग लागवड, मग फुलांचा वापर आणि शेवटी औषधाची बाजू.

आधी ओळख पक्की करा

शास्त्रीय नाव क्लिटोरिया टर्नेटिया. हे नाव स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने 1753 साली दिलं. त्यातलं 'टर्नेटिया' हे इंडोनेशियातल्या टर्नाटे बेटावरून आलं आहे. संस्कृतात अपराजिता, गिरिकर्णिका, विष्णुक्रांता अशी नावं आहेत आणि घोळ इथूनच सुरू होतो. 'विष्णुक्रांता' हे नाव जमिनीलगत पसरणाऱ्या, इवल्याशा निळ्या फुलांच्या एका वेगळ्याच वनस्पतीलाही लावतात. 'शंखपुष्पी' या नावाखाली तर निरनिराळ्या ठिकाणी तीन-चार वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात, त्यात काही ठिकाणी गोकर्णही असते. शंखपुष्पीबद्दल वाचलेला गुण गोकर्णाला जसाच्या तसा चिकटवता येत नाही. कुठलाही औषधी दावा वाचताना आधी शास्त्रीय नाव शोधा. ते दिलेलं नसेल तर तो मजकूर बाजूला ठेवा.

वेल ओळखायला पान बघा. एका देठावर पाच किंवा सात लंबगोल पर्णिका असतात, समोरासमोर जोड्यांनी, आणि टोकाला एकटी. खोड बारीक, तारेसारखं. तणावे नसतात, खोडच आधाराला वळसे घालत चढतं. फुलावर शेंग धरते ती चपटी, पाच ते दहा सेंटिमीटरची.

तिच्यासारखीच उलट्या फुलाची एक वेल आहे, सेंट्रोसेमा. तिचं फूल फिकट जांभळं असतं आणि पानाला तीनच पर्णिका असतात. पर्णिका मोजल्या की शंका मिटते. मॉर्निंग ग्लोरीचं फूल कर्ण्यासारखं असतं आणि बिया विषारी. विस्टेरिया या निळ्या-जांभळ्या फुलांच्या वेलीच्या शेंगा आणि बियाही विषारी. निळं फूल दिसलं, वेलीवर दिसलं, एवढ्यावर ते पेल्यात टाकू नये. फूल आणि पान दोन्ही जुळलं पाहिजे.

गोकर्णातही निळी, पांढरी, फिकट जांभळी आणि दुहेरी पाकळ्यांची असे प्रकार आहेत. दुहेरी फूल गुलाबाच्या कळीसारखं भरगच्च दिसतं, त्यात गाईचा कान हरवतो. रंगीत चहा हवा असेल तर गर्द निळीच लावा. पांढऱ्या फुलात तो निळा रंग नसतोच, त्यामुळे पाणीही निळं होत नाही. मला स्वतःला एकेरी निळी सगळ्यात आवडते, कारण फुलाची ती उलटी रचना एकेरीतच पुरती दिसते.

बी रुजवणं: खरी अडचण इथे

बी उडदापेक्षा जरा मोठं, लांबट, करडं किंवा काळपट, कधी त्यावर ठिपके. कवच इतकं टणक की पाणी आत शिरत नाही. निसर्गात हा शहाणपणा आहे, कारण सगळ्या बिया एकाच पावसाला उगवून एकाच उन्हात जळत नाहीत. कुंडीत मात्र आपल्याला थांबायचं नसतं.

मी पहिल्यांदा आठ बिया तशाच मातीत खोचल्या होत्या. तीन आठवड्यांनी एक उगवली. बाकीच्या उकरून पाहिल्या तर पेरल्या तशाच, टणक, एका थेंबानेही न फुगलेल्या. नंतरच्या खेपेला प्रत्येक बी पॉलिश पेपरवर चार-पाच वेळा घासली आणि रात्रभर कोमट पाण्यात ठेवली. सकाळी बहुतेक बिया दुप्पट फुगल्या होत्या.

घासताना बीची एक बाजू पाहा. एका कडेला लहानसा फिकट डोळा दिसतो, जिथे बी शेंगेला चिकटलेली असते. तिकडे हात लावू नका, कारण अंकुर त्याच्या जवळून बाहेर येतो. विरुद्ध बाजूला घासा आणि आतला फिकट रंग जेमतेम दिसला की थांबा. नेलकटरची कानस असेल तर काम आणखी सोपं. खोल चिरलं तर बी कुजते.

मग भिजवा, आठ ते बारा तास. सकाळी ज्या फुगल्या त्या पेरा. ज्या तशाच राहिल्या त्या पुन्हा घासून पुन्हा भिजवा, फेकू नका. चोवीस तासांपेक्षा जास्त वेळ पाण्यात ठेवलेली बी मात्र आंबते.

पेरायचं ते साधारण एक ते दीड सेंटिमीटर खोल. माती ओलसर हवी, चिखल नको. हवेत उबदारपणा हवा. दिवसाचं तापमान 25 अंशांच्या आसपास किंवा वर असेल तर एक ते दोन आठवड्यांत कोंब वर येतो. थंडीत पेरलेलं बी बहुधा मातीत बसून राहतं आणि रोज पाणी घालणारा माणूस त्याला कुजवतो. थंडी संपेपर्यंत थांबणं बरं.

फांदीपासूनही रोप होतं. पण बी इतकं सहज मिळतं आणि इतकं जोमानं वाढतं की फांद्यांच्या खटाटोपाची गरज पडत नाही. शिवाय गोकर्णाचं फूल बऱ्याचदा उमलण्याआधी कळीतच स्वतःचं परागण उरकतं. त्यामुळे निळ्या वेलीची बी बहुतेक निळीच निघते.

जागा, माती आणि कुंडी

ऊन. रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन. सावलीत वेल जगते, वाढते, हिरवीगार दिसते आणि फुलत नाही. फुलं येत नाहीत अशी तक्रार ऐकली की मी आधी ऊन किती लागतं ते विचारते.

कुंडी दहा ते बारा इंची, तळाला भोकं असलेली. मुळं खोल जातात, म्हणून पसरट कुंडीपेक्षा उभी बरी. एका कुंडीत दोन रोपं पुरेत. बाग असेल तर जमिनीतच लावा, मग पाण्याची कटकट निम्म्याने कमी होते. मातीबद्दल गोकर्ण फार कुरकुर करत नाही, रेताड चालते, भारीही चालते, फक्त पाणी साचून राहायला नको. दोन भाग साधी माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि निचऱ्यासाठी थोडी जाड वाळू एवढं पुरतं.

खताबद्दल मात्र सांभाळा. ही शेंगवर्गीय वेल आहे. हिच्या मुळांवर गाठी येतात, त्या गाठींत जिवाणू राहतात आणि ते हवेतला नत्र वेलीला वापरता येईल अशा रूपात बांधतात. म्हणूनच जमीन सुधारण्यासाठी आणि चाऱ्यासाठीही गोकर्ण लावतात. ऑस्ट्रेलियात तर चाऱ्यासाठी तिचं 'मिलगारा' नावाचं वाण आहे. जिला नत्र घरचाच आहे तिला वरून युरिया किंवा नत्राचं खत दिलं की पानांचा नुसता डोंगर होतो. एका हंगामात प्रेमापोटी मी दर पंधरवड्याला खत घातलं आणि दोन महिने हिरव्या भिंतीकडे बघत बसले. खत थांबवल्यावर कळ्या आल्या. महिना-दीड महिन्याने मूठभर गांडूळखत, बस.

आधार आणि शेंडा

रोप वीतभर झालं की आधार द्या, नंतर नाही. उशीर झाला की कोवळी खोडं एकमेकांनाच वळसे घालतात आणि तो गुंता सोडवताना हमखास तुटतात. आधार बारीक हवा. सुतळी, तार, जाळी, बोटाएवढी काठी हे सगळं चालेल. जाड खांबाला तिचे वळसे पुरत नाहीत, तिथे खांबाभोवती सुतळी गुंडाळून द्यावी. उंची दोन ते तीन मीटरपर्यंत जाते, तेवढी तयारी ठेवा.

पाच-सहा पानं झाली की शेंडा खुडा. जीवावर येतं, पण खुडाच. शेंडा गेला की प्रत्येक पानाच्या बेचक्यातून फांदी फुटते, आणि गोकर्णाची फुलंही पानांच्या बेचक्यातच येतात. म्हणजे जितक्या फांद्या तितक्या फुलांच्या जागा. नव्या फांद्यांचे शेंडे पुन्हा एकदा खुडले की खालपासून भरलेली वेल तयार होते. न खुडलेली वेल सरळ वर पळते आणि मग फुलं सगळी डोक्यावर, पाय उघडे.

चांगल्या उन्हात पेरणीपासून साधारण दोन महिन्यांत पहिली कळी दिसते.

पाणी, कीड आणि छाटणी

मातीचा वरचा इंचभर थर सुकला की पाणी. एकदा मुळं बसली की वेल कोरडेपणा बराच सोसते. कुंडीतली वेल कडक उन्हात दुपारी मान टाकते. संध्याकाळी सावरली तर काळजी नाही.

मावा कोवळ्या शेंड्यांवर येतो, कोरड्या हवेत पानांखाली लाल कोळी जाळी विणतो. दोन्हींवर पहिला उपाय म्हणजे पाण्याचा जोरदार फवारा, पानांच्या खालून, तीन-चार दिवस लागोपाठ. नीम तेल वापरायचंच असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिली, साबणाचे दोन-चार थेंब घालून, संध्याकाळी फवारा आणि त्यानंतर आठवडाभर फुलं पिण्यासाठी तोडू नका. रासायनिक कीटकनाशक या वेलीवर नकोच, कारण तिची फुलं आपण गरम पाण्यात टाकणार आहोत. उकळतं पाणी पाकळीतला रंग काढतं तसं तिच्यावरचं बाकी सगळंही काढतं. नर्सरीतून तयार रोप आणलं असेल तर आधी त्यावर काय फवारलं होतं ते आपल्याला कळत नाही. मी पहिले दोन-तीन महिने अशा रोपाची फुलं नुसती बघते.

फुलांचा बहर ओसरला की वेल निम्म्यावर छाटा, ती पुन्हा फुटते. उबदार हवेत गोकर्ण अनेक वर्षं जगते. जिथे बर्फाळ गारठा पडतो तिथे ती मरते. तिथले लोक दर वर्षी नव्याने बी लावतात.

फुलं तोडणं आणि वाळवणं

एक फूल एकच दिवस उमललेलं असतं. सकाळी, दव उडाल्यावर, पूर्ण उमललेलं फूल तोडा. देठाशी नखाने खुडा, ओढू नका, वेल नाजूक असते. झटका, आत डोकावा, होडीजवळ मुंग्या किंवा बारीक किडे बसलेले असतात. खालचा हिरवा पेला काढला तर चहाला गवताचा वास कमी येतो. घाईत असाल तर राहू द्या.

धुवायचं झालं तर अलगद बुडवून लगेच काढा, मग सुती कापडावर पसरा. वाळवण सावलीत, हवेशीर जागी, एकावर एक न ठेवता. उन्हात वाळवलं की रंग उडतो. तीन ते पाच दिवसांत पाकळ्या आक्रसून काळपट शाईच्या रंगाच्या होतात. फूल वाळलं की नाही हे पाकळीवरून कळत नाही, ती पहिल्याच दिवशी कोरडी वाटते. हिरवा पेला वाकवून पाहा. कट् असा मोडला तर वाळला, नुसता लवला तर आत ओल आहे. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झालं की बरणीत आठवड्याभरात बुरशी येते. बुरशीचा नुसता वास आला तरी सगळी बरणी टाकून द्या, वरची निवडून खालची वापरू नका.

काचेची, घट्ट झाकणाची बरणी, अंधारं कपाट. सहा महिने ते वर्षभर रंग चांगला राहतो.

पेल्यातला निळा

एका कपाला पाच-सहा सुकी फुलं किंवा तेवढीच ताजी. पाणी उकळा, आच बंद करा, फुलं टाका, झाका. पहिल्या दहा-बारा सेकंदांतच पाकळीच्या कडेने निळी धार सुटते आणि तळाकडे उतरते. काचेच्या पेल्यात ही धार एकदा तरी शांतपणे बघा. पाच मिनिटांत पाकळी फिकी पडते, कधी जवळजवळ पांढरी, आणि पाणी निळंशार. गाळा. फुलं पाण्यात खदखदा उकळत ठेवू नका, रंग मळतो.

चव? फारशी नाही. किंचित मातकट, किंचित ओल्या मटारासारखी. अद्भुत चवीची अपेक्षा ठेवणाऱ्याची निराशा होते, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं. यात चहाचं पान नाही, त्यामुळे कॅफिनही नाही. आल्याचा तुकडा, गवती चहाची पात किंवा थोडा मध घातला की पेय जमतं.

आता लिंबाचे चार थेंब. निळा जांभळा होतो, आणखी पिळलं तर गुलाबीकडे झुकतो. उलट, दुसऱ्या पेल्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला तर हिरवट होतो (तो पेला पिण्यासाठी नव्हे, बघण्यासाठी). यामागे टर्नाटिन नावाची रंगद्रव्यं आहेत. जांभळाला आणि वांग्याच्या सालीला रंग देणाऱ्या अँथोसायनिन गटातलीच ही द्रव्यं. आम्ल वाढलं की त्यांच्या रेणूची ठेवण बदलते आणि प्रकाशाचा वेगळा भाग शोषला जातो. बहुतेक अँथोसायनिनं साध्या पाण्यात लवकर फिकी पडतात. गोकर्णाची टर्नाटिनं आपल्या बाजूच्या साखळ्यांनी रंगाचा गाभा झाकून घेतात, म्हणून हा निळा टिकतो. गाळलेल्या निळ्या पाण्यात टीपकागदाच्या पट्ट्या बुडवून सुकवल्या की घरच्या घरी आम्ल-अल्क ओळखायचे कागद तयार होतात. मुलांबरोबर एक दुपार त्यात सहज जाते.

औषधी बाजू: काय माहीत आहे

आयुर्वेदात अपराजिता मेध्य, म्हणजे बुद्धीला बळ देणारी मानली आहे. त्यासाठी आणि इतर विकारांसाठीही मूळ, पान, बी यांचा उपयोग सांगितला आहे. आपण पितो ते फूल. पहिली गफलत इथेच होते. मुळाचा गुण सांगून फुलाचा चहा विकला जातो.

स्मरणशक्तीचा दावा घ्या. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोकर्णाच्या मुळाचा पाण्यातला अर्क उंदरांना दिला आणि मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात अ‍ॅसिटिलकोलीन वाढलेलं आढळलं. हे द्रव्य स्मरणाशी निगडित आहे, त्यामुळे निष्कर्ष महत्त्वाचा. पण उंदीर, मूळ आणि अर्क या तीन शब्दांपासून माणूस, फूल आणि चहा या तीन शब्दांपर्यंत जायला मधली सगळी वाट चालायची राहिली आहे.

रक्तातल्या साखरेबद्दल माणसांवरचा एक छोटा प्रयोग आहे, 2018 चा. पंधरा निरोगी पुरुषांना साखरेच्या पाण्याबरोबर फुलांचा अर्क दिला, तेव्हा नुसत्या साखरेच्या पाण्यापेक्षा रक्तातली साखर कमी चढली. प्रयोग एका वेळच्या पिण्याचा होता, महिनोन्महिन्यांचा नव्हे, आणि त्यात मधुमेही कुणी नव्हता. मधुमेहाची गोळी सोडून निळा चहा प्या असं सांगणारा माणूस तुमच्या जिवाशी खेळतो आहे. गोळी चालू असेल आणि चहाही नियमित घ्यायचा असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या, साखर मोजत राहा.

फुलांत अँटिऑक्सिडंट आहेत हे खरं, गडद रंगाच्या बहुतेक फळाफुलांत असतात. केस काळे होतात, चष्मा जातो, वजन उतरतं या दाव्यांना माणसांवरच्या नीट केलेल्या प्रयोगांचा आधार मला सापडलेला नाही. आणि फुलाचं पाणी डोळ्यांत घालायचा सल्ला कुणी दिला तर तो अजिबात मानू नका. घरी केलेलं पाणी निर्जंतुक नसतं आणि डोळ्याचा संसर्ग दृष्टी घेऊन जाऊ शकतो.

आता मूळ आणि बी. बी रेचक आहे, तीही जोरदार. पोटात मुरडा, मळमळ, जुलाब होतात. मूळही रेचक आणि लघवी वाढवणारं मानतात. मात्रा, शोधन (औषधातले दोष काढायची प्रक्रिया) आणि कुणाला द्यायचं नाही याची जाण असलेला वैद्य ते वापरतो, वाचून आपण वापरू नये.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. या वेलीत सायक्लोटाइड नावाची प्रथिनं आहेत. ही फार छोटी, टोकाला टोक जोडून गोल झालेली, वर आडव्या गाठींनी आवळलेली असतात. टोकच मोकळं नसल्याने पाचकरस त्यांना सहज तोडू शकत नाहीत, उष्णताही ती सोसतात. वनस्पती त्यांचा वापर किड्यांविरुद्ध करते. ऑस्ट्रेलियात कपाशीवर मारायचं एक कीटकनाशक गोकर्णाच्याच अर्कापासून केलेलं आहे. या गटातल्या प्रथिनांचा पहिला सुगावा लागला तो 1960 च्या दशकात कांगोमध्ये. लोरेंट्स ग्रान या नॉर्वेच्या डॉक्टरांनी पाहिलं की तिथल्या बायका बाळंतपण लवकर व्हावं म्हणून एका वेगळ्या वनस्पतीचा उकळलेला काढा घेतात. त्यातलं गर्भाशय आकुंचित करणारं द्रव्य पुढे सायक्लोटाइड निघालं. ती वनस्पती गोकर्ण नव्हे आणि सगळी सायक्लोटाइड सारखं काम करत नाहीत. पण उकळूनही टिकणारी या घराण्याची प्रथिनं गोकर्णात आहेत एवढं कळल्यावर गरोदर बाईला हा चहा मी देणार नाही, अर्धा कपही नाही.

सरकारी यंत्रणांची मतंही वेगळी आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2021 साली फुलांच्या पाण्यातल्या अर्काला काही खाद्यपदार्थांत रंग म्हणून परवानगी दिली आणि 2025 मध्ये पदार्थांची यादी वाढवली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने मात्र 2022 साली सुकी फुलं चहासाठी विकायच्या प्रस्तावावर हरकत घेतली, ती सायक्लोटाइडच्याच मुद्द्यावर. या दोन्हींत मला विरोध दिसत नाही. मिठाईला रंग येण्यापुरता अर्क आणि रोज कपभर फुलांचा काढा यांत मात्रेचा फरक आहे.

माझा नियम असा. निरोगी प्रौढ माणसाने अधूनमधून एक कप, पाच-सहा फुलांचा. रोज लिटरभर नको. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी टाळावा. लहान मुलांना रंगाची गंमत दाखवा, पाजू नका. मधुमेह, रक्तदाब किंवा रक्त पातळ करण्याची औषधं चालू असतील, शस्त्रक्रिया ठरली असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. पहिल्यांदा पिताना दोन-तीन घोट घ्या आणि दिवसभर अंगावर पुरळ, खाज, मळमळ काही होतं का बघा. शेंगदाणा किंवा इतर शेंगवर्गीय पदार्थांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी जास्त जपावं, कूळ एकच आहे.

शेंगा आणि पुढच्या वर्षीचं बी

फुलं तोडत राहिलात तर शेंगा कमी धरतात आणि वेल फुलतच राहते. राहिलेल्या फुलांवर हिरव्या चपट्या शेंगा येतात. बी नको असेल तर त्या कोवळ्या असतानाच काढून टाका, वेलीचा जोर वाचतो. मटारासारख्या दिसतात म्हणून मुलं तोंडात घालू शकतात, त्यांना आधीच बजावून ठेवा. पाळीव जनावरांच्या तोंडाशी बिया येतील अशी कुंडी ठेवू नका.

हंगामाच्या शेवटी एखाद्या चांगल्या फुलणाऱ्या फांदीवर आठ-दहा शेंगा राखा. त्या पिवळ्या, मग तपकिरी होतात. पूर्ण वाळण्याच्या एक-दोन दिवस आधी काढा. थांबलात तर कडक दुपारी शेंग आपोआप तडकते, दोन्ही फाका मळसूत्रासारख्या पिळतात आणि बिया हातभर लांब उडतात. पहिल्या वर्षी वेलीजवळ बसले असताना तो टक् असा आवाज मी ऐकला, आणि पुढच्या पावसात शेजारच्या तीन कुंड्यांत गोकर्ण उगवलेली दिसली.

काढलेल्या शेंगा कागदी पिशवीत घालून तोंड बांधा, आत तडकू द्या. एका शेंगेत सहा ते दहा बिया मिळतात. सुरकुतलेल्या आणि भोक पडलेल्या काढून टाका, बाकीच्या कोरड्या बाटलीत भरा. कवच टणक असल्याने त्या काही वर्षं सहज टिकतात. बाटलीवर नाव, रंग, साल लिहा आणि त्याखाली ठळक अक्षरात 'फक्त पेरण्यासाठी'. ती सुक्या फुलांच्या बरणीशेजारी ठेवू नका. माझी बियांची बाटली खुरप्याबरोबर बागेच्या डब्यात असते.